एका थैलीला एकच लेबल

आप्पांना चहाचा कप अर्धाच लागे. कुणी भरलेला कप पुढे केला तर त्यातला अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतून मगच ते ओठाला लावत, आणि तोही उभ्यानं, पाय फाकवून, किंचित डुलत. सगळी नोकरी डाकेच्या डब्यात गेली होती. दौंडहून सुटणाऱ्या गाड्यांत, रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये ते सॉर्टर होते. म्हणजे धावत्या गाडीत पत्रं गावोगावच्या खणांत टाकायची, गठ्ठे बांधायचे, थैल्या बंद करून स्टेशनावर उतरवायच्या. निवृत्त होऊन ते आमच्या तंत्रनिकेतनात आवक-जावक सांभाळायला आले, तेव्हा गाडी केव्हाच मागे राहिली होती. त्यांच्या पायांना मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

त्यांची दुसरी सवय म्हणजे पत्ता मागून वाचणं. सॉर्टरला माणसाच्या नावाशी काही देणंघेणं नसतं. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव. माणसांची ओळखही ते तशीच करून देत. कुणी पाहुणा ग्रंथालयात आला की माझ्याकडे हात करून म्हणत, “जिल्हा पुणे, तालुका शिरूर, मुक्काम न्हावरे, तिथली लायब्ररी, आन् त्या लायब्ररीच्या पार आत ह्या आमच्या बाई.” त्या ‘पार आत’वर सगळे हसत. मीही हसत असे. मी खरोखरच पार आत असे.

आणि तिसरी गोष्ट त्यांच्या नावाचा शिक्का. डब्यात असताना बांधलेल्या प्रत्येक गठ्ठ्यावर एक चिठ्ठी ठेवून तिच्यावर आपल्या नावाचा शिक्का मारायचा नियम होता. गठ्ठा चुकीच्या गावी गेला की चिठ्ठी माघारी येई आणि चूक कुणाची ते कळे. निवृत्तीनंतर त्यांनी तसाच एक रबरी शिक्का करून घेतला. छत्रीला, डब्याच्या पिशवीला, खुर्चीच्या पाठीला, सगळीकडे तो असे. आमचे प्राचार्य एकदा म्हणाले, “आप्पा, खुर्ची कॉलेजची आहे.” आप्पा म्हणाले, “खुर्ची कालिजचीच हाय, सर. मोडली तर मी मोडली, येवढंच हाय ते.”

ते जाऊन आता दोन महिने झाले. लिहायला बसते आणि त्यांचा एखादा शब्द आठवून थांबते. म्हणून जसं आठवतंय तसंच लिहिते आहे.

आमचं तंत्रनिकेतन शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांना जोडणाऱ्या रस्त्यावर. संस्था एक, पण तिची कार्यालयं दोन, एक शिरूरला, एक दौंडला. दोन्हीकडच्या सचिवांचं एकमेकांशी पटत नसे. इंटरनेट असलेला बरा संगणक ग्रंथालयात होता, म्हणून डिप्लोमा झालेल्या मुलामुलींना नोकरीच्या मुलाखती कळवायचं काम माझ्याकडे आलं. कारखाने चार-पाच दिवस आधी निरोप देत. तेवढ्यात टपाल पोचत नसे, आणि मुलांचे मोबाइल नंबर दर महिन्याला बदलत. राहिला ईमेल. यादीतल्या शेकडो पत्त्यांवर एकदम पत्र पाठवायचं, खाली ‘आज्ञेवरून’ लिहायचं, आणि काम झालं असं मी समजत असे.

काम झालं नव्हतं, हे रूपालीमुळे कळलं. ती वडगाव रासाईची. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा तिनं पहिल्या वर्गात केला होता. घरी तिच्या लग्नाचं चाललं होतं. दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर थांबू, असं वडिलांनी तिला सांगितलं होतं. एका दुपारी ती एसटीनं आली आणि माझ्या टेबलावर एक कागद ठेवला. मीच पाठवलेल्या पत्राची छापील प्रत होती. मुलाखत होऊन चार दिवस उलटले होते.

“मॅडम, हे मला काल सापडलं,” ती म्हणाली. “स्पॅममध्ये पडलं होतं. कॅफेत तासाचं बिल चढतं, म्हणून मी नुसतं इनबॉक्स बघते आन् उठते. स्पॅम कोण बघतं?”

पलीकडे रजिस्टर लिहीत असलेले आप्पा उठून आले. त्यांनी कागद खालून वर वाचला.

“पोरी, पत्र आलं का तुला?”

“आलं, पण...”

“मंग न्हाई आलं.” ते माझ्याकडे वळले. “बाई, धाडलं हे आपलं समाधान झालं. पोचलं तर काम झालं.”

त्याच संध्याकाळी कारखान्याच्या अधिकाऱ्यांचा फोन आला. यादी एवढी मोठी, आणि मुलाखतीला आली अकरा मुलं. महिनाअखेरीला रविवारी आणखी एक फेरी आमच्याच कॉलेजात घेऊ, ते म्हणाले, पण तेव्हाही हॉल रिकामा राहिला तर पुढच्या वर्षापासून आम्ही पुण्याकडच्या कॉलेजांत जाऊ. आप्पा शेजारीच उभे होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारभोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि त्यावर आपल्या नावाचा शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी मी आले तर ग्रंथालयातलं जुन्या मासिकांचं कपाट रिकामं. आप्पांनी त्याचे खण केले होते. यादीतल्या प्रत्येक पत्त्याची एक चिठ्ठी करून ते उभ्यानं, डुलत, चिठ्ठ्या खणांत फेकत होते. सगळा स्टाफ दारात येऊन बघत होता.

“आप्पा, हे कॉम्प्युटर करतो की एका मिनिटात,” वर्कशॉपचे सर म्हणाले.

“करतो ना. पर त्याला दिसत न्हाई,” आप्पा म्हणाले. “मला दिसतं.”

ईमेलचा पत्ताही ते मागूनच वाचत होते. ‘ॲट’च्या पुढे जे असतं ते त्यांच्या लेखी गाव, आणि त्याआधीचं नाव म्हणजे घर. प्रत्येक मेल कंपनीचा एक खण. सगळ्या चिठ्ठ्या लावून झाल्यावर मुलाखतीला आलेल्या अकरा जणांच्या चिठ्ठ्यांवर त्यांनी लाल टिंब दिलं. मग मला बोलावलं. सगळ्यात मोठ्या दोन खणांत एकही लाल टिंब नव्हतं. लाल टिंबं होती ती बारक्या बारक्या खणांत.

“पोरांनी पत्र वाचलं न्हाई, असं न्हाई ते,” ते म्हणाले. “ह्या दोन गावांनी आपली थैलीच आत घेतली न्हाई. बाहेर फलाटावर टाकली.”

काही पत्रं तर सरळ परतच आलेली होती. त्यांचा त्यांनी वेगळा खण केला आणि पुढचे तीन दिवस एसटीनं हिंडून बरोबर पत्ते आणले. कवठे येमाईला एका मुलाच्या घरी गेले तर मुलगा शेतात गेलेला आणि ओट्यावर त्याचे चुलते बसलेले. ती हकिकत ते पुढे अनेकदा सांगत.

चुलते म्हणाले, “ईमेल? हितं पोस्टमन येतो की दर सोमवारी.”

“पोस्टमन वेगळा, पाटील. ह्यो पत्ता वेगळा.”

“मंग पोराचा पत्ता हाय तरी कुठं?”

“तेच इचारायला आलोय.”

“आवं, पोरगं हितंच ऱ्हातंय माझ्यासमोर, आन् तुम्ही त्याचा पत्ता मला इचारताय!”

शेवटी मुलगा आला तेव्हा कळलं की फॉर्मवर लिहिताना त्याच्याकडून एक टिंब राहिलं होतं. एका टिंबासाठी आप्पांचा अख्खा दिवस गेला. परत आल्यावर ते टिंब त्यांनी यादीत इतकं ठळक दिलं की कागदाला भोक पडलं.

पण मोठे दोन खण उघडत नव्हते. आमची वेबसाइट करून दिलेले पुण्याचे एक गृहस्थ होते. त्यांना मी फोन लावला आणि आवाज मोठा करून फोन आप्पांसमोर ठेवला.

“काका, तुमच्या डोमेनला एसपीएफ नाही, डीकेआयएम नाही,” ते म्हणाले. “समोरच्याला कसं कळणार की पत्र तुमचंच आहे?”

“थांबा,” आप्पा म्हणाले. “तुम्ही साध्या भाषेत सांगा. मी आमच्या भाषेत सांगतो. जुळतं का बघू.”

“एसपीएफ म्हणजे एक ओळ. तुमच्या कॉलेजचं इंटरनेटवर जे नाव आहे, त्याच्या नोंदीत ती जाहीर लावायची. आमच्या नावानं पत्र पाठवायचा अधिकार फक्त अमक्या मशिनला, असं तीत लिहायचं.”

“म्हंजी थैली आणणाऱ्या माणसांची यादी आधीच फलाटावर लावलेली. यादीभायेरचा कुणी थैली घेऊन आला तर घ्यायची न्हाई.”

“हो, अगदी. आणि डीकेआयएम ही सही. तुमचं मशिन प्रत्येक पत्रावर ती करतं. त्यासाठी एक किल्ली मशिनमध्ये लपवलेली असते. तिची जोडीदार किल्ली जाहीर असते, तिनं कुणीही सही तपासून बघू शकतो.”

आप्पांचं डुलणं थांबलं. “लाखंची मोहर! मोहर आपल्या कपाटात, तिचा ठसा समद्या ऑफिसांत. वाटंत कुणी थैली फोडली तर लाख तडकती. आन् आपण इतके दिस बिनमोहरेच्या थैल्या पाठवतोय व्हय?”

मग ते गृहस्थ म्हणाले, “काका, आता मी हे सगळ्यांना असंच समजावणार.”

त्या दिवशी एसटीची वाट बघताना आप्पांनी मला त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. वडील मेंढरं राखायचे. बाहेर पडण्याआधी प्रत्येक मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचे. “मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं तरी पट्टा बघून माघारी यायचं. बिनपट्ट्याचं कुणाचं? ज्यानं धरलं त्याचं. आमचा बा शाळंत गेला न्हाई, बाई, पर ह्या एसपीएफवाल्यांच्या आधी त्याला ठावं व्हतं.”

एसपीएफ आणि डीकेआयएम, दोन्ही गोष्टी बसवून झाल्या. आप्पांनी एका मोठ्या मेल कंपनीत आपलं खातं काढून ठेवलं होतं. पोस्टात वाट नीट आहे का बघायला चाचणीचं पत्र सोडत, तसं आमचं पहिलं पत्र नेहमी त्या खात्यावर जायचं आणि ते पोचल्याशिवाय बाकीची सुटायची नाहीत. मी पाठवलं. पुन्हा स्पॅममध्येच पडलं. पत्राच्या आत, मूळ मजकूर दाखवणाऱ्या भागात, तपासणीचा निकाल लिहिलेला असतो. डीकेआयएमपुढे ‘पास’ होतं. एसपीएफपुढे चूक दाखवली होती. रविवार आठ दिवसांवर आला होता.

पुण्याचे गृहस्थही गोंधळले. “ओळ तर बरोबर आहे,” ते म्हणत राहिले.

“आपल्या नावावर जे जे लावलंय ते समदं वाचून दाखवा,” आप्पा म्हणाले. “थैलीला काय काय बांधलंय ते मला ऐकू द्या.”

त्यांनी एकेक नोंद वाचायला घेतली. आमची ओळ आली. तीन-चार नोंदींनंतर तशीच आणखी एक ओळ आली, वेगळ्या मशिनची. दौंडच्या कार्यालयानं आपली प्रवेशाची पत्रं पाठवण्यासाठी सहा महिन्यांपूर्वी आपल्या माणसाकडून ती परस्पर लावून घेतली होती. शिरूरला न विचारता, अर्थातच.

आप्पांनी टेबलावर हात मारला. “दोन लेबलं! एका थैलीला दोन लेबलं! बाई, अशी थैली डब्यातनं उतरतच न्हाई. एक म्हणतं मनमाड, एक म्हणतं सोलापूर. सॉर्टर ती कुठंच टाकत न्हाई, कोपऱ्यात ठिवून देतो.”

“अरे हो,” फोनवरचे गृहस्थ म्हणाले. “एका नावाला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन असल्या की दोन्ही बाद.”

उपाय दोन मिनिटांचा होता. दोन्ही मशिनं एकाच ओळीत लिहायची आणि जुन्या दोन ओळी काढायच्या. पण कॉलेजच्या इंटरनेटवरच्या नावाचा कारभार शिरूरच्या सचिवांच्या सहीनं चाले आणि दुसरी ओळ दौंडच्या सचिवांची. दौंडचे फोनवर म्हणाले, आमच्या ओळीला हात लावायचा नाही. शिरूरचे म्हणाले, मग आमचीही राहील. यात तीन दिवस गेले. शेवटी प्राचार्यांनी दोघांना कॉलेजात बोलावलं.

त्या बैठकीला आप्पा घरून एक जुनी किंतानी पिशवी घेऊन आले. तिला त्यांनी दोन पुठ्ठे बांधले होते. एकावर ‘शिरूर’, दुसऱ्यावर ‘दौंड’. दोन्हींवर त्यांचा शिक्का. ती मांडीवर ठेवून ते बसले, बसल्या बसल्या डुलत. मी त्यांना बसलेलं फार कमी वेळा पाहिलं आहे.

“साहेब, ही थैली कुठं उतरवू?”

“शिरूरला,” शिरूरचे सचिव म्हणाले.

“काय म्हणून? दौंड लिहिलंय की तिच्यावर!” दौंडचे म्हणाले.

“बरं,” म्हणून आप्पा गप्प बसले. एक मिनिट गेलं, दोन गेली. चहा आला. कुणीतरी खाकरलं.

“आप्पा, पुढं काय?” प्राचार्यांनी विचारलं.

“पुढं काय न्हाई, सर. आपलं समद्यांचं ठरंपर्यंत ही गाडीतच फिरणार.” त्यांनी पिशवीत हात घालून एक कागद काढला. रूपालीनं आणून दिलेली ती छापील प्रत. “हिच्यात एक पोरगी हाय. तालुका शिरूर, वडगाव रासाई. आन् अशा दौंड तालुक्यातल्याबी लई हायेत, मी मोजल्यात. रविवारी ह्या सगळ्या गाडीतच ऱ्हायच्या का, तेवढं सांगा.”

दौंडच्या सचिवांनी कागद हातात घेऊन वाचला. मग म्हणाले, “एकाच ओळीत दोन्ही बसतात म्हणता?”

“बसतात की.”

“मग आधी कुणाचं?” हे शिरूरचे.

“तिथं गावाचं नाव नसतंच, साहेब. मशिनचे आकडे असतात. बारका आकडा आधी.” आप्पांनी कागदावर दोन्ही आकडे लिहून दाखवले. दौंडचा आधी आला. शिरूरच्या सचिवांचा चेहरा उतरला, तेव्हा आप्पा हळूच म्हणाले, “तुमचा आकडा मोठा हाय, साहेब.”

“मग असू दे,” सचिव म्हणाले.

“आन् ओळीच्या शेवटी काय लिव्हायचं त्यावर तुम्हा दोघांची सही लागंल. ‘ह्या दोघांशिवाय दुसरा कुणी आमच्या नावानं आला तर त्याला माघारी पाठवा.’”

संस्थेच्या इतिहासात दोन्ही सचिवांचं एकाच वाक्यावर, एकाच वेळी, मनापासून एकमत झालेलं मी तेवढं एकदाच पाहिलं. आप्पांनी कात्रीनं दोन्ही पुठ्ठे कापले आणि पिशवीला एकच नवा बांधला.

दुपारी ओळ बदलली गेली. दुसऱ्या दिवशी मी चाचणीचं पत्र सोडलं. आप्पा माझ्या खुर्चीमागे उभे. इनबॉक्समध्ये सगळ्यात वर ते पत्र येऊन बसलं होतं. आत पाहिलं. एसपीएफ: पास. डीकेआयएम: पास. त्यांनी त्या दोन ओळी छापून घेतल्या, जावक रजिस्टरात चिकटवल्या आणि शिक्का मारला. मग म्हणाले, “बाई, अर्धा कप चहा सांगा. न्हाई, आज पुरा सांगा.” पुरा आला, आणि सवयीनं त्यांनी अर्धा ओतलाच.

बाकीची पत्रं आम्ही एकदम सोडली नाहीत. त्यांचा आग्रह होता की अनोळखी गावात पहिल्याच दिवशी गाडीभर थैल्या टाकायच्या नाहीत. म्हणून आम्ही आज थोडी, उद्या थोडी जास्त, असे खणाखणांचे गठ्ठे सोडले. पत्राखालच्या ‘आज्ञेवरून’वर त्यांनी बोट ठेवलं. “ह्यो आज्ञेवरून कोण? कुठं ऱ्हातो? तुमचं नाव घाला.” मी नको म्हटलं. मला ते जमलं नसतं. मग त्यांनी स्वतःचं नाव घालायला सांगितलं, आणि पत्रं त्यांच्या नावानं गेली.

रविवारी सकाळी नऊच्या आधीच फाटकाशी मोटारसायकली लागल्या. न्हावऱ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरलेली मुलं-मुली रांगेनं चालत येत होती. आप्पा फाटकात उभे होते, पाय फाकवून. ते कुणालाही कसा आहेस, काय चाललंय असं विचारत नव्हते. एकच प्रश्न होता.

“इनबॉक्समधी आलं का स्पॅममधी?”

“इनबॉक्समधी, आप्पा.”

“इनबॉक्स.”

“आवं, इनबॉक्समधी, लगीच दिसलं!”

प्रत्येक उत्तराला ते मान डोलवत आणि हातातल्या गठ्ठ्यातली एक चिठ्ठी या हातातून त्या हातात घेत. हॉल भरला. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी येऊन मला विचारलं, “मॅडम, आणखी खुर्च्या आहेत का?” वाचनकक्षातल्या सगळ्या खुर्च्या गेल्या, मग प्राचार्यांच्या केबिनमधल्या, आणि शेवटी आप्पांची शिक्का मारलेली खुर्चीही गेली. तिच्यावर कोण बसलं ते मी पाहिलं नाही. रूपाली दुसऱ्या रांगेत होती. तिचे वडील बाहेर लिंबाखाली पटका हातात घेऊन बसले होते.

तिचं नाव निवडलेल्यांच्या यादीत सातवं होतं. यादी लागल्यावर वडील आप्पांजवळ आले आणि म्हणाले, “आप्पा, तुमच्या कागदानं घात केला बगा. पाव्हण्यांना आता काय सांगू?” आणि मोठ्यानं हसले. आप्पा म्हणाले, “पाव्हण्यांचा पत्ता द्या. मी कळवतो.” पुढच्या वर्षी तो कारखाना पुन्हा आमच्याकडेच आला, आणि त्याच्यामागे आणखी दोन.

दीड वर्षानं आप्पा दौंडला, आपल्या घरी, दुपारच्या झोपेत गेले. त्यांच्या मुलानं मला फोन करून दहाव्याचा दिवस सांगितला आणि विचारलं, “कॉलेजातल्यांना कळवाल का, बाई?”

मी यादी उघडली. चार ओळींचं पत्र लिहिलं. खाली ‘आज्ञेवरून’ आपोआप येत असे, ते खोडलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. मग हात थांबला. नियमाप्रमाणे पहिलं पत्र त्यांच्याच खात्यावर जायचं होतं. तिथं पोचल्याशिवाय बाकीची सोडता येत नव्हती. मी ते पाठवलं, आणि रजिस्टराच्या पुठ्ठ्याआड त्यांच्या अक्षरात लिहिलेला पासवर्ड पाहून त्यांचं खातं उघडलं. इनबॉक्समध्ये सगळ्यात वर ते पत्र होतं, ठळक अक्षरात, न वाचलेलं. तपासायचं तर उघडणं भाग होतं. उघडलं. पास. पास. मग बाकीची सोडली, गठ्ठ्यागठ्ठ्यानं.

दहाव्याला दौंडला भीमेच्या काठी उभं राहायला जागा नव्हती. कारखान्यांतून रजा टाकून आलेली मुलं होती, गळ्यात ओळखपत्रं तशीच. दोन्ही सचिव शेजारी शेजारी उभे होते. कवठ्याचे ते चुलतेही आले होते. विधी झाल्यावर एकेक जण माझ्याजवळ येऊ लागला. मला वाटलं, चार शब्द सांत्वनाचे बोलतील.

रूपाली पुढे आली, कारखान्याच्या निळ्या कोटात. माझा हात हातात घेऊन म्हणाली, “इनबॉक्समध्ये आलं, मॅडम.”

मागचा मुलगा म्हणाला, “इनबॉक्स.”

त्याच्या मागचाही तेच म्हणाला. मी काहीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जावक रजिस्टर उघडलं आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: सर्वांना पोचलं. खाली सही केली. पूर्ण नावाची.